अल्ट्रावाइड मॉनिटरवर मराठी अक्षर पुसट दिसतंय, लॅपटॉपची सेटिंग काय ठेवू?

प्रूफवाली_सदाशिवपेठ
नमस्कार मंडळी. मी घरून मुद्रितशोधन करते. मूळ हस्तलिखिताचं स्कॅन आणि वर्डमधलं प्रूफ शेजारी-शेजारी उघडता यावं म्हणून ३४ इंची वक्र अल्ट्रावाइड घेतला. खोक्यावर ३४४०×१४४० (आडवे × उभे ठिपके) लिहिलंय. लॅपटॉप १५.६ इंची, फुल एचडी, विंडोज ११. मॉनिटरसोबत आलेली एचडीएमआय केबलच लावली आहे.

जागा भरपूर मिळाली, पण अक्षर! शिरोरेषा काळी न दिसता राखाडी दिसते. ‘गुरु’ आहे की ‘गुरू’ हे बघायला दर वेळी झूम वाढवावा लागतो. ‘सर्वांनी’मधला रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग होतो. ट्रॅक चेंजेसची लाल अक्षरं तर ओल्या कागदावर शाई फुटावी तशी पसरतात. तेच पान लॅपटॉपच्या पडद्यावर स्वच्छ दिसतं. दुकानदार म्हणाला, “मोठ्या स्क्रीनला असंच असतं, सवय होईल.” मला हे अजिबात पटलेलं नाही. अनुस्वार दिसला नाही तर तो पुस्तकात चुकीचा छापून जातो, आणि मग ती आवृत्ती संपेपर्यंत तसाच राहतो. परत करायची मुदत अजून आहे. दोष मॉनिटरचा की सेटिंगचा?

कोथरूडकर_७
ताई, परत करायची घाई करू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. वर मॉनिटर निवडा आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ व ‘कलर फॉरमॅट’ समोर काय दिसतं ते जसंच्या तसं इथे लिहा.

प्रूफवाली_सदाशिवपेठ
२५६०×१०८०, ६० हर्ट्झ. कलर फॉरमॅट: वायसीबीसीआर ४२२.

कोथरूडकर_७
मग दोन्ही दुखणी सापडली, आणि दोन्ही वेगळी आहेत.

पहिलं रिझोल्यूशनचं. लॅपटॉप २५६०×१०८० पाठवतोय आणि मॉनिटर ते ताणून ३४४०×१४४० वर बसवतोय. म्हणजे दर तीन ठिपक्यांचे चार करायचे. चौथा ठिपका कुठून आणणार? शेजारच्यांचा रंग मिसळून. एका ठिपक्याएवढी जाड रेघ अशा वेळी राखाडी होते, म्हणून तुमची शिरोरेषा फिकट दिसते. देवनागरीत रेषेच्या वर आणि खाली इतकं काही चालू असतं की रोमनपेक्षा आपल्याला हा त्रास जास्त जाणवतो.

दुसरं लाल अक्षरांचं. ४२२ मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची जाते, रंगाची मात्र आडव्या दोन ठिपक्यांना मिळून एकच. पांढऱ्यावर काळं त्यात बरं निभावतं, लाल-निळं पसरतं. आपल्याला प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग पाठवणारं आरजीबीच हवं. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये ते बदलता येतं.

आता मूळ कारण. एचडीएमआय २.० आलं २०१३ मध्ये, पण १.४ चं पोर्ट त्यानंतरही अनेक वर्षं लॅपटॉपवर येत राहिलं. तुमचंही तेच असावं, आणि त्यातून ३४४०×१४४० ला ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) सहसा मिळत नाही. आधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआयची आवृत्ती निवडायची सोय आहे का बघा, काही मॉनिटरमध्ये असते. मग विंडोजमध्ये ३४४०×१४४० निवडा. ५० हर्ट्झ मिळालं तरी चालवून घ्या. त्याने स्क्रोल थोडं जड वाटेल, अक्षर तितकंच रेखीव राहील. तुमच्या कामाला ठिपके पूर्ण मिळणं महत्त्वाचं, वेग नव्हे.

खरा उपाय टाइप-सी टू डिस्प्लेपोर्ट केबल. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. पण प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेचं (थंडरबोल्टचं) चिन्ह आहे का पाहा, नाहीतर कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल तपासा आणि मगच पैसे खर्च करा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या लॅपटॉपवर इंचाला १४१ ठिपके आहेत, या मॉनिटरवर ११०. नाक लावून बघितलं तर लॅपटॉपच सरस दिसणार. मॉनिटर हातभर लांब ठेवा, तो फरक फारसा उरणार नाही.

अक्षरजुळणी_नारायणपेठ
वरच्याला माझी एक भर: स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ (विंडोजची अक्षर रेखीव करायची सोय) टाइप करा आणि मॉनिटरसाठी वेगळं ट्यूनिंग करा. दोन्ही पडद्यांचं एकच ठेवू नका. मॉनिटरच्या मेनूतला शार्पनेस फार चढवू नका, वेलांट्यांभोवती पांढरी कड येते. सिग्नल बरोबर असेल तर त्याची गरजच पडत नाही.

प्रूफवाली_सदाशिवपेठ
मनापासून आभार. टाइप-सीला विजेचं चिन्ह होतं, केबल आणली. आता ३४४०×१४४०, ६० हर्ट्झ, आरजीबी. स्केलिंग (अक्षरं-मेनू किती मोठे दाखवायचे ते) १२५ टक्के ठेवलंय. ‘सर्वांनी’ १०० टक्के झूमला नीट वाचता येतं, रफार वेगळा, अनुस्वार वेगळा. लाल खुणासुद्धा काठाला स्वच्छ. मॉनिटर ठेवतेय.

फक्त जुळणीचं एक जुनं सॉफ्टवेअर अजून धूसर दिसतंय. वर्ड आणि पीडीएफ उत्तम.

अक्षरजुळणी_नारायणपेठ
ते १२५ टक्क्यांमुळे. जुनी सॉफ्टवेअरं स्केलिंग ओळखत नाहीत, म्हणून विंडोज त्यांचं चित्र ताणून दाखवतं. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालच्या ओव्हरराइडवर टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. अक्षर रेखीव होईल, पण मेनू बारीक होतील. ते नको असेल तर ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ लावून बघा, काही सॉफ्टवेअरांना तेच जास्त मानवतं. दर वेळी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.