जीसीसी 14 वर गेल्यापासून क्रॉस बिल्ड पास होतोय, पण पॅकेजमधलं फीचर गायब

टूलचेनवाला:
नमस्कार मंडळी, एक्स86 मशीनवरून 64-बिट आर्म बोर्डांसाठी (म्हणजे क्रॉस) साठेक ओपन सोर्स पॅकेजेस बिल्ड करायची टूलचेन, म्हणजे कंपाइलर, लिंकर वगैरे, मी सांभाळतो. मागच्या महिन्यात जीसीसी कंपाइलर 12 वरून 14 वर नेला, तीन-चार पॅकेजेस फुटली, ती पॅच मारून मार्गी लावली. खरा घोळ वेगळाच आहे. एक जुनं ऑटोकॉन्फवालं (बिल्डआधी काय काय उपलब्ध आहे ते तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं टूल) पॅकेज व्यवस्थित बिल्ड होतं, एकही एरर नाही, पण बोर्डावर टाकलं की कॉम्प्रेशनचा सपोर्टच नाही म्हणतं, आधीच्या बिल्डमध्ये होता. लायब्ररी सिसरूटमध्ये (बोर्डासाठीच्या लायब्ररी आणि हेडरच्या फोल्डरमध्ये) आहे, हेडर आहे, सोर्स तोच, रेसिपी तीच. दोन दिवस लिंकरचे फ्लॅग बघत बसलोय. आणि हे कळलं ते एका वापरणाऱ्याने सांगितलं म्हणून, बाकीच्या पॅकेजेसमधून काय काय गेलंय ते कसं शोधू?

रात्रपाळी:
लिंकर सोडा, त्या पॅकेजचा कॉन्फिग डॉट लॉग (कॉन्फिगर स्क्रिप्टच्या तपासण्यांची नोंद) उघडा आणि त्यात ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ शोधा. जीसीसी 14 पासून हेडर न घेता फंक्शन वापरलं किंवा मेनच्या आधी इंट लिहिलं नाही तर वॉर्निंग नाही, थेट एरर येते. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधले टेस्टचे तुकडे बऱ्याचदा नेमके असेच लिहिलेले असतात. मग लायब्ररी आहे का बघायचा तो चार ओळींचा प्रोग्राम कंपाइलच होत नाही, का होत नाही याच्याशी स्क्रिप्टला घेणंदेणं नाही, ती ‘नाही’ अशी नोंद करते, फीचर बंद करते आणि गुपचूप पुढे जाते.

तात्पुरतं चालवायचं तर त्या पॅकेजपुरता सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या पर्यायांमध्ये) एफ-परमिसिव्ह घाला, म्हणजे या एरर परत वॉर्निंग होतात. नीट करायचं तर ऑटोरीकॉन्फ चालवून स्क्रिप्ट नव्या ऑटोकॉन्फने परत बनवा, पण पॅकेजवाल्यांनी स्वतः लिहिलेल्या टेस्ट त्याने सुधारत नाहीत, त्या हातानेच कराव्या लागतात. तो पॅच अपस्ट्रीमला (पॅकेजच्या मूळ लेखकांना) पाठवाच, हाच त्रास दुसरं कोणीतरी काढतच असेल.

बाकीच्यांसाठी: सगळी पॅकेजेस जुन्या आणि नव्या कंपाइलरने एकेकदा कॉन्फिगर करा, कॉन्फिग डॉट एच (कोणती फीचर चालू ते लिहिलेली फाइल) जपा आणि दोन्हींचा डिफ बघा. पूर्ण बिल्डची गरज नाही.

पायरी_पायरी:
वरच्याला +1. एक भर, रेसिपीत हवं ते फीचर स्पष्ट मागत जा. ‘विथ’ लावून मागितलं की बऱ्याच स्क्रिप्ट न सापडल्यावर थांबतात, ऑटोवर सोडलं की मुकाट सोडून देतात.

आणि लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं पीकेजी-कॉन्फिगसुद्धा तपासा. त्याला ‘पाथ’वालं व्हेरिएबल दिलं तर ते आधीच्या जागांमध्ये फक्त भर घालतं, होस्टच्या (बिल्ड करणाऱ्या मशीनच्या) फोल्डरमध्ये शोधणं चालूच राहतं. ‘लिबडिर’वालं दिलं की ती यादीच बदलते. क्रॉससाठी तेच हवं, सोबत सिसरूट डिरवालं. मी हे चुकवलं होतं आणि होस्टच्या हेडरवर आर्मचा बिल्ड महिनाभर चालला होता, फुटला तेव्हाच कळलं.

जुना_मेंटेनर:
टूलचेन बदलताना सिसरूटमधली जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) पण नवी घेतलीत का? कंपाइलर खुशाल नवा ठेवा, जीलिबसी मात्र ज्या सगळ्यात जुन्या बोर्डावर चालवायचंय त्याच्याइतकीच जुनी हवी. जीलिबसीच्या 2021 च्या 2.34 मध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवं सिंबॉल व्हर्जन मिळालं, त्यामुळे 2.34 किंवा पुढच्यावर लिंक केलेला अगदी साधा प्रोग्रामसुद्धा 2.33 वर उघडत नाही. रीडएल्फ या टूलने तयार बायनरी जीलिबसीचं कोणतं व्हर्जन मागतेय ते बघा, आणि हा चेक बिल्डच्या शेवटी कायमचा लावून टाका.

टूलचेनवाला:
सापडलं! रात्रपाळी, अगदी तेच होतं, टेस्टमध्ये हेडरच घेतलेलं नव्हतं. डिफ काढला तर अजून पाच पॅकेजेस निघाली, एकात तर टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शनचा सपोर्ट) गेलं होतं. जीलिबसी जुनीच ठेवलीय, रीडएल्फचा चेक लावला. चार पॅकेजेस ऑटोरीकॉन्फने सुटली, उरलेल्या दोनांचे पॅच आज पाठवतोय. एकात आता ‘आरपीएल मॅलॉक सापडत नाही’ अशी लिंकची एरर येतेय, हे कशामुळे?

रात्रपाळी:
मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) नीट चालतं का ही कॉन्फिगरची टेस्ट प्रोग्राम चालवून बघते, क्रॉसमध्ये आर्मचा प्रोग्राम तुमच्या मशीनवर चालवता येत नाही म्हणून जुनी स्क्रिप्ट वाईटात वाईट धरून चालते आणि मॅलॉकऐवजी आरपीएल मॅलॉक वापरते, जे पॅकेजमध्ये नसतंच. मॅलॉकच्या कॅश व्हेरिएबलला (टेस्टचं उत्तर आधीच सांगणाऱ्या) ‘येस’ देऊन कॉन्फिगर करा, जीलिबसीवर ते उत्तर बरोबरच आहे.