सॅम पेकिनपा : हिंसेचा निषेध की गौरव?

प्रश्न :
अमेरिकी दिग्दर्शक सॅम पेकिनपा यांचा ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) हा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतील बंदूकबाजांचा चित्रपट, नुकताच पाहिला. शेवटच्या चकमकीने मी सुन्न झालो, आणि इतके भयंकर दृश्य देखणे का वाटावे, हा प्रश्न मला अजून छळतो आहे. हा दिग्दर्शक हिंसेचा निषेध करतो की गौरव? त्यांचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत?

प्रतिसाद १ :
देखणेपणाचे मूळ संकलनात आहे. वेगवेगळ्या गतींनी चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांतून टिपलेले तुकडे पेकिनपा आणि संकलक लू लोम्बार्डो यांनी असे गुंफले आहेत, की गोळी लागलेला माणूस संथपणे कोसळत असतानाच मध्ये इतरांची धावपळ नेहमीच्या वेगाने येते आणि परतून पाहावे तर तो अजून कोसळतोच आहे. मरण तिथे चटकन उरकत नाही. आरंभी मुंग्यांच्या तावडीत सापडलेल्या विंचवांकडे पाहून मुले हसतात आणि अखेरीस टोळीचा म्होरक्या पाइक याला संपवणारी गोळी एक लहान मुलगाच झाडतो, हे लक्षात घेतले तर हेतू निषेधाचाच होता असे मला वाटते.

प्रतिसाद २ :
हेतूबद्दल सहमत आहे, परिणामाबद्दल नाही. मांडणी इतकी सुंदर झाली, की तिने हेतूवरच मात केली. ‘स्ट्रॉ डॉग्ज’ (१९७१) वेस्टर्न नव्हे, परंतु त्यातील बलात्काराचे दृश्य ज्या संदिग्धतेने रंगवले आहे, ते मी आजही क्षम्य मानत नाही.

प्रतिसाद ३ :
आपण ‘राइड द हाय कंट्री’पासून (१९६२) सुरुवात करावी, असे मनापासून सुचवतो. जोएल मॅक्रे आणि रँडॉल्फ स्कॉट यांनी साकारलेले, काळाने मागे टाकलेले ते दोन वृद्ध मित्र पाहिले, म्हणजे पेकिनपांचा जीव बंदुकीपेक्षा अशा माणसांत अधिक गुंतला होता हे कळते. पुढे ‘मेजर डंडी’ची (१९६५) निर्मात्यांनी काटछाट केली, ‘द सिनसिनाटी किड’वरून त्यांना चित्रीकरण सुरू झाल्यावर काढून टाकण्यात आले आणि दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘नून वाइन’ने (१९६६) त्यांना पुन्हा उभे केले. ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ (१९७३) मात्र प्रत निवडून पाहावा, कारण एमजीएम या चित्रपट कंपनीने कापून प्रदर्शित केलेली प्रत फार तुटक आहे. त्यांच्या मनातल्या चित्रपटाच्या अधिक जवळची प्रत लोकांसमोर आली ती १९८८ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी.