मर्मिडन : मुंगळे की सांगकामे?

प्रश्न : जुन्या इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करतेय. त्यात पोलिसांना तुच्छतेनं 'कायद्याचे मर्मिडन' म्हटलंय. हे मूळचं ग्रीक जमातीचं नाव, एवढं कळलं. मराठीत 'हुजरे' चालेल?

— हुजरे नको. हुजऱ्या धन्याच्या पुढ्यात उभा असतो, मर्मिडनला धनी कामगिरीवर धाडतो. 'सांगकाम्या'त आज्ञापालन आहे, पण तो बिचारा वेंधळा. त्याची भीती कुणाला वाटणार?

नावाचं म्हणाल तर ग्रीकमध्ये 'मुर्मेक्स' म्हणजे मुंगी. इजिना बेटावर साथ आली, माणसं पटापट मेली. राजा आयाकसनं ओकच्या झाडावर दाणे वाहून नेणारी मुंग्यांची रांग पाहिली आणि देवांचा राजा झ्यूस याच्याकडे तेवढीच प्रजा मागितली. मुंग्यांची माणसं झाली, तेच मर्मिडन. स्ट्रेबो या भूगोलकाराला ही कथा पटत नाही. तो म्हणतो, इजिनाचे लोक मुंग्यांसारखी माती उकरून खडकावर पसरत आणि शेती करत, विटा वाचवायला बिळांत राहत, म्हणून हे नाव. मला हेही नावावरून मागाहून जुळवलेलंच वाटतं, पण माती उपसणारी ती माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात खरी.

आयाकसचा नातू अकिलिस, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर आणि मर्मिडनांचा सेनानी. होमरच्या इलियडमध्ये थेसलीतल्या फ्थियाहून तो 50 गलबतं घेऊन ट्रॉयला येतो, दर गलबतात 50 मर्मिडन. गंमत म्हणजे सोळाव्या सर्गात ते लढाईला निघतात तेव्हा होमर त्यांना लांडग्यांची उपमा देतो, मग पोरांनी डिवचलेल्या गांधीलमाश्यांची. मुंग्यांची नाहीच! आणि ते मुकाट ऐकणारेही नव्हते. अकिलिस रुसून बसला तेव्हा 'तुझ्या आईनं तुला पित्तावर पोसलं, आम्हाला घरी तरी जाऊ दे' असं ते त्याला सुनावत होते. तोच त्यांना याची आठवण करून देतो. 'हुकमाचा बंदा' हा अर्थ इंग्रजीनं पुढे चिकटवला.

— थोडी भर. ऋग्वेदातली 'वम्री' म्हणजे मुंगीच, 'मुर्मेक्स'ची दूरची बहीण. 'वल्मीक' म्हणजे वारूळ, तेही याच गोतातलं मानतात. म्हणजे अकिलिसचे सैनिक आणि आपले वाल्मीकी, दोघांच्याही नावात मुंग्या!

प्रश्नकर्ती : छान, पण माझे पोलीस अजून दारातच उभे आहेत.

— दार ठोठावताहेत की फोडताहेत? ठोठावत असतील तर 'कायद्याचे ताबेदार', फोडत असतील तर 'बगलबच्चे'.

प्रश्नकर्ती : फोडताहेत.