नवीन मीटर बसल्यावर तिसऱ्या महिन्यात 812 युनिटचं बिल (इंदूर)

मंजिरी_इंदूर

लोकमान्य नगरातलं घरगुती कनेक्शन, मंजूर भार 2 किलोवॅट. 10 मार्चला जुनं मीटर काढून स्मार्ट मीटर बसवलं. एप्रिल आणि मे, दोन्ही बिलं बरोब्बर 195 युनिटची, दीड हजारांच्या आसपास. भरली. 10 जूनचं बिल 812 युनिट, 7,640 रुपये. घरात एक कूलर, फ्रिज, अर्धा एचपीची मोटर, चार पंखे, टीव्ही. एसी नाही.

मीटरचा लाल दिवा सतत लुकलुकतो. घरातले सगळे एमसीबी पाडले तरी मधूनमधून लुकलुकतोच. झोनवर (वीज कंपनीचं भागातलं ऑफिस) "गर्मी है, कूलर चला होगा" एवढंच उत्तर, आणि मीटर टेस्टिंगचा फॉर्म पुढे करतात. शेवटच्या तारखेला 8 दिवस आहेत. टेस्टिंगला टाकावं का? आणि तोवर बिल भरावं की थांबावं?

बिलवाचक

टेस्टिंगचा फॉर्म आत्ता भरू नका. आधी तिन्ही बिलं शेजारी-शेजारी ठेवून चार गोष्टी सांगा: पूर्व रीडिंग, वर्तमान रीडिंग, "आकलित खपत" (रीडिंगशिवाय अंदाजाने धरलेला वापर) या रकान्यात काही आहे का, आणि मीटर बदलल्याच्या कागदावर नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग किती लिहिलंय. दोन महिने तंतोतंत 195 हे मला रीडिंग वाटत नाही. कुठल्याच घराची खपत सलग दोन महिने एका युनिटाचाही फरक न पडता येत नाही.

मंजिरी_इंदूर

एप्रिल, मे: दोन्हीत "आकलित 195", रीडिंगचे रकाने रिकामे. जून: पूर्व 0, वर्तमान 812, आकलित 0. मीटर बदलीच्या कागदावर सुरुवात 0. आज मीटरवर 829 दिसतंय.

बिलवाचक

मग सापडलं. 812 हे एका महिन्याचं नाहीच, मीटर लागल्यापासूनच्या 92 दिवसांचं आहे. मीटरने डेटा पाठवला नाही म्हणून दोन महिने सरासरीने बिल निघालं, तिसऱ्या महिन्यात खरं रीडिंग आलं, आणि ते काढताना आधीचे 195 + 195 वजा करायचे राहिले. ते 390 युनिट तुम्ही दोनदा भरताय. राहिलेलं देणं 422 युनिटचं.

812 भागिले 92 म्हणजे दिवसाला 8.8 युनिट. कूलर, चार पंखे आणि फ्रिज उन्हाळ्यात एवढं सहज घेतात. म्हणजे मीटर बहुधा खोटं बोलत नाहीये, बिल खोटं बोलतंय. म्हणूनच टेस्टिंग नको म्हटलं. "मीटर तेज चल रहा है" असं लिहून दिलंत की मीटर तपासलं जाईल, पास होईल, आणि त्याच कागदावर तुमची तक्रार बंद होईल. खरी चूक तशीच राहील.

नुसते 390 वजा करून भागणार नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सगळे युनिट एकाच महिन्यात टाकल्यामुळे स्लॅबचा फायदा गेला: खालचे स्वस्त टप्पे तीनदा मिळायला हवे होते, एकदाच मिळाले. वरून स्थिर आकार. आपल्याकडे मध्य प्रदेशात तो खपतीवरही चालतो, दर 15 युनिट किंवा त्याचा अंश म्हणजे 0.1 किलोवॅट. 812 युनिटवर तो 5.5 किलोवॅटचा लागला. महिन्याला सरासरी 271 धरले तर 1.9 किलोवॅटचा लागेल. मंजूर भार 2 किलोवॅट असलेल्या घराला 5.5 चा स्थिर आकार! बिलावरची ती ओळ बघून घ्या.

पण सरळ तीनने भागायलाही लगेच हो म्हणू नका. स्मार्ट मीटर दर महिन्याचं रीडिंग स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवतं. तो डेटा काढून त्याप्रमाणे महिनावार बिल करा, असं मागा. मार्च-एप्रिलमध्ये कूलर बंद असेल आणि त्या बिल-चक्राची खपत 30 दिवसांना 150 च्या आत निघाली, तर त्या महिन्याला अटल गृह ज्योती योजनेची सवलत बसते, पहिल्या 100 युनिटचे 100 रुपये. एक युनिट जास्त झालं की पूर्ण सवलत जाते, त्यामुळे इथे दिवस मोजून बघा: हिशेब दिवसाला 5 युनिटचा असतो, 33 दिवसांचं चक्र असेल तर मर्यादा 165.

पाटनीपुरा_वायरमन

वरचा हिशेब बरोबर आहे, पण ताई, एमसीबी पाडल्यावर लुकलुकणारा दिवा सोडून देऊ नका. तो वेगळा रोग आहे.

आताची मीटरं फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही तारांतला करंट मोजतात आणि जो जास्त तो धरतात. खोल्यांचे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते. जुन्या घरात इन्व्हर्टर बसवताना किंवा गच्चीवरचा दिवा ओढताना शेजाऱ्याची न्यूट्रल आपल्या न्यूट्रलच्या पट्टीवर चढवलेली असते. मग त्याचा करंट आपल्या मीटरमधून परत जातो.

मेन स्विच दोन पोलचा असेल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) तर तो पाडून मीटरपाशी 10 मिनिटं उभं राहा. दिवा पूर्ण थांबला तर घोटाळा घरातल्या न्यूट्रलमध्ये. तरीही लुकलुकला तर मीटर ते मेन स्विच या तारेवर कुणाचं तरी कनेक्शन आहे, किंवा तार भिंतीत गळतेय. किती जातंय तेही काढता येतं. मीटरच्या तोंडावर 3200 इम्पल्स (म्हणजे लुकलुका) प्रति युनिट लिहिलं असेल आणि दर 10 सेकंदांना एक लुकलुक होत असेल, तर दिवसाला 2.7 युनिट, महिन्याला 81. लहान गोष्ट नाही.

मीटरचा संशय घरीच फेडायचा असेल तर 1500 वॉटचा पाण्याचा रॉड घ्या. प्लास्टिकची बादली, रॉड खुणेपर्यंत बुडलेला, बाकी सगळं बंद, चालू असताना पाण्यात हात नाही. 230 व्होल्टला मिनिटाला 80 लुकलुका यायला हव्यात. मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर मोजा, डोळ्याने चुकतं. व्होल्टेज मीटरच्या पडद्यावरच बघा: 210 असेल तर तोच रॉड 1250 वॉटच घेतो आणि आकडा 67 च्या आसपास येतो. हे न कळल्यामुळे लोक उगाच "मीटर स्लो आहे" म्हणून खूश होतात. इस्त्रीने ही चाचणी करू नका, तिचा थर्मोस्टॅट मध्येच बंद पडतो.

राजवाडा_७७

पैसेच भरू नका. चूक त्यांची आहे, आपोआप ताळ्यावर येतात.

बिलवाचक

हा सल्ला महागात पडतो. न भरलेली रक्कम थकबाकी होते, अधिभार चढतो, आणि 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन लाइन कापता येते. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 मध्येच वाट दिली आहे: वाद सुरू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या 6 महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली कमी असेल ती "विरोध दर्ज करत" भरली तर पुरवठा तोडता येत नाही. मंजिरीताई, मागच्या सहा बिलांची सरासरी काढा, दीड-पावणेदोन हजारांत बसेल. अॅपवर परस्पर कमी रक्कम भरू नका, ती नुसतीच अर्धवट भरणा म्हणून जमा होते. आधी अर्ज, मग त्याची प्रत दाखवून काउंटरवर भरणा.

अर्ज हिंदीतच द्या, छोटा: "दिनांक 10 मार्च से 10 जून तक की वास्तविक खपत 812 यूनिट है। अप्रैल एवं मई में आकलित 390 यूनिट का भुगतान हो चुका है, जो जून के बिल में समायोजित नहीं किया गया। कृपया मासिक रीडिंग के आधार पर बिल संशोधित करें।" वर आयव्हीआरएस नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) आणि मीटर क्रमांक. सोबत तीन बिलं, दोन भरणा पावत्या, मीटर बदलीचा कागद, आणि तारखेसह मीटरचा फोटो. पडदा फिरत असतो, म्हणून फोटो युनिटच्या (केडब्ल्यूएच) पानाचा घ्या, कमाल मागणीच्या किंवा केव्हीएएचच्या पानाचा नको. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 1912 या वीज हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तो क्रमांकही अर्जावर टाका.

झोनवर हललं नाही तर विद्युत उपभोक्ता शिकायत निवारण फोरम, आणि त्यावर भोपाळला विद्युत लोकपाल. एक सावधान: बिलात कलम 126 (अनधिकृत वीजवापर) खाली लावलेली रक्कम असती तर हा मार्ग चालला नसता, तिथे अर्धी रक्कम भरून 30 दिवसांत वेगळं अपील करावं लागतं. तुमच्याकडे तसं काही नाही.

पाटनीपुरा_वायरमन

आणि पुढे कधी मीटरचाच संशय आला, तर वीज ग्राहक हक्क नियमांची 2024 ची दुरुस्ती लक्षात ठेवा: रीडिंग खपतीशी जुळत नसल्याची तक्रार केल्यावर 5 दिवसांत शेजारी दुसरं मीटर लावून किमान 3 महिने पडताळायचं असतं.

मंजिरी_इंदूर

मेन स्विच पाडल्यावर दिवा पूर्ण थांबला, म्हणजे न्यूट्रलच. अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला. दुरुस्त बिल आलं की काय बघायचं?

बिलवाचक

390 ची वजावट, महिनावार स्लॅब, स्थिर आकाराचे किलोवॅट, आणि मधल्या काळात चढलेला अधिभार काढलाय का. शिवाय अॅपवरच्या खपतीच्या इतिहासात जूनपुढे 812 च राहिलेत का ते बघा. सुरक्षा निधी (कनेक्शनची अनामत) वर्षाच्या सरासरी खपतीवर ठरतो. रक्कम दुरुस्त झाली आणि युनिट तसेच राहिले, तर वाढीव निधीची मागणी नंतर बिलात येते आणि तेव्हा हे प्रकरण कुणालाच आठवत नाही.