प्रवासात नॉर्डिक रेस्टॉरंटमध्ये जेवलात का? अनुभव लिहा

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून यंदा जूनमध्ये आम्ही दोघं कोपनहेगनला गेलो होतो. मुलीने तिथल्या एका नव्या धाटणीच्या रेस्टॉरंटमध्ये आमच्यासाठी टेबल राखून ठेवलं होतं. संध्याकाळी सातला बसलो, उठलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि बाहेर आभाळ अजून उजळच होतं.

मेनूकार्ड नाही, निवड नाही. एकामागून एक चौदा पदार्थ आले. त्यातला एक म्हणजे नुसता पाव आणि लोणी. सोबतीला म्हणून दिलेला नव्हे, मानाने एकट्याने वाढलेला. पाव आंबवलेल्या पिठाचा, साल कडक, आतून ओलसर. लोणी विरजण लावून केलेलं, किंचित आंबूस. पहिल्या घासालाच कराडच्या घरी ताक घुसळताना रवीला चिकटून आलेला गोळा आठवला.

मग लहान नवे बटाटे आले आणि त्यांच्यावर हिरव्या, मिरीएवढ्या बिया. वाढणाऱ्या मुलाने सांगितलं की ही रानलसूण. वसंतात आधी तिची पानं खायची, मग फुलं, आणि बी धरलं की ते मिठात मुरवून वर्षभर पुरवायचं. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याच्याही मनात तेच आलं होतं: आपला शेवगा! पाला, फुलं, शेंगा, काही म्हणून टाकायचं नाही.

तेव्हापासून वाटतंय की आपली माणसं उत्तर युरोपातल्या या नॉर्डिक देशांत जाऊन असं जेवली असतील तर त्यांना काय दिसलं ते ऐकावं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड, कुठलंही चालेल. आवडलेलं लिहा, खटकलेलंही लिहा. शाकाहारी मंडळींनी तर आवर्जून लिहा.

---

ल्युंग्बी, डेन्मार्क

बारा वर्षं इथे राहते आहे, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे ‘चांगलं हॉटेल’ म्हणजे फ्रेंच नाहीतर इटालियन. ऑलिव्ह तेल, टोमॅटो, सगळं दक्षिणेकडून यायचं. २००३ मध्ये क्लाउस मेयर आणि रेने रेद्झेपी यांनी कोपनहेगनमध्ये ‘नोमा’ हे रेस्टॉरंट सुरू केलं. नावच ‘नॉर्डिस्क माद’ म्हणजे ‘नॉर्डिक अन्न’ या दोन शब्दांचं. पुढच्याच वर्षी या सगळ्या देशांतल्या शेफनी मिळून एक १० कलमी जाहीरनामा काढला: आपल्या हवेत, मातीत, पाण्यात जे येतं ते, त्याच्या हंगामात.

ऐकायला सोपं वाटतं, पण स्वयंपाकघरात उभं राहून विचार करा. इथे लिंबू पिकत नाही, मग पदार्थाला आंबटपणा कुठून आणायचा? समुद्रकाठच्या काटेरी झुडपावरची नारिंगी सी-बकथॉर्न बोरं, रुबार्बचे देठ, कच्च्या गूजबेरी, घरचं व्हिनेगर, असा शोध घ्यावा लागला. कोकणात आमसूल, देशावर चिंच, तसंच हे. जवळ जे आहे त्यातूनच चव उभी करायची. मला या स्वयंपाकाचं कौतुक आहे ते यासाठी. चिमट्याने लावलेल्या फुलापानांचं मला तेवढं नाही.

ज्यांना चौदा पदार्थ आणि ते बिल नको असेल त्यांनी दुपारी स्मॉरब्रॉड खावं. राय धान्याच्या काळ्या, जड पावाची एकच चकती, वर लोणी आणि मग हेरिंग, बटाटा, अंडं-कोळंबी, जे हवं ते. आधी हेरिंगचा, मग दुसऱ्या माशांचा, मग मांसाचा, शेवटी चीज, असा क्रम असतो. हातात उचलून खात नाहीत, काटा-सुरीने खातात. हल्ली बरेच जण जुन्या पद्धतीला नवा हात देऊन हे फार सुंदर करतात. टिप द्यायलाच हवी असं नाही. मात्र साध्या पाण्याचेही पैसे लागू शकतात, ते आधी विचारा.

---

ठाणे

शाकाहाऱ्याचा अनुभव मागितला आहे म्हणून लिहिते. दोन ठिकाणी जेवले, दोन्ही स्टॉकहोममध्ये.

पहिल्या ठिकाणी महिनाभर आधी ईमेल करून मांस, मासे, अंडी चालत नाहीत असं कळवलं होतं. ‘हो, नक्की’ असं उत्तर आलं. प्रत्यक्षात मला मिळालं ते मासा काढून घेतल्यावर उरलेलं ताट. नवऱ्याच्या पुढ्यात मासा, सॉस, काकडी आणि शेपू, माझ्या पुढ्यात काकडी आणि शेपू. तीनदा असं झालं. बिल दोघांचं सारखं. मी शांतपणे सांगितलं, त्यांनी माफी मागितली, पण ती संध्याकाळ गेली ती गेलीच.

दुसरं ठिकाण छोटं होतं, आठ टेबलांचं. तिथे सेलेरीचा अख्खा कंद मिठाच्या कणकेत लिंपून तासन्‌तास भाजला होता. कवच टेबलापाशी फोडलं आणि जो वास सुटला तो अगदी पोपटीचं मडकं उघडल्यासारखा. कंदाची फोड लोण्यासारखी मऊ, वर भाजलेले हेझलनट आणि आंबटगोड लिंगनबेरी. शाकाहारी माणसाला कोणी एवढ्या निगुतीने जेवू घातलं की डोळ्यांत पाणी येतं, खरंच सांगते.

एक सावधगिरी. ‘मीट-फ्री’ म्हणजे आपलं शाकाहारी नव्हे. कोपनहेगनच्या ‘गेरानियम’ या रेस्टॉरंटने २०२२ च्या जानेवारीपासून मांस पूर्ण बंद केलं, त्याची मोठी बातमी झाली, पण मासे आणि शिंपले तिथे असतात. ईमेलमध्ये मासे, माशाचा स्टॉक, जिलेटिन, असं एकेक नाव घेऊन लिहा.

---

गुहागर

माझा अनुभव उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा. जहाजावर नोकरी होती, तेव्हा तिथल्या राजधानीत, तोर्सहाव्हनला दोन दिवस मोकळे मिळाले. जुन्या वस्तीत छपरांवर गवत उगवलेली काळी लाकडी घरं आहेत, त्यातल्या एकात ‘रास्त’ नावाचंच रेस्टॉरंट. हा आपला मराठी रास्त नाही. तिकडे ताजं आणि पूर्ण वाळलेलं यांच्या मधल्या, आंबून मुरलेल्या अवस्थेला रास्त म्हणतात.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा भेटला तो वास. माझ्याबरोबरचे दोघं दारातूनच परत फिरले. मी थांबलो, कारण तो वास मला परका नव्हताच. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या माळ्यावर सुकट, बांगडे, सोडे भरून ठेवले की घराला जो वास लागतो, त्याचा हा थोरला भाऊ. मेंढीचं मांस, मासे, सगळं त्या वासाचं.

वाढणाऱ्या बाईंना विचारलं की मीठ लावून सुकवता का. त्या म्हणाल्या, नाही, मिठाशिवाय. मला खरं वाटेना. आपल्याकडे मिठाशिवाय मासा टिकवायला कडक ऊन लागतं, आणि तिथे ऊन तर नावालाच. त्यांनी सांगितलं ते असं: बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, म्हणजे समुद्राचं पाणी आटवून मीठ काढायला जळण नाही. मीठ बाहेरून यायचं, महाग पडायचं. मग लोकांनी वाऱ्यावर भिस्त ठेवली. फळ्यांमध्ये फटी सोडलेली खोपटी बांधतात, त्यात मांस टांगतात आणि समुद्रावरून येणारा खारा, गार वारा महिनोन्‌महिने त्यातून वाहत राहतो. तेच मांस आधी रास्त होतं आणि बरेच महिने टांगून ठेवलं की कडक वाळून कच्चंच पातळ कापून खाण्याजोगं होतं.

चव सांगायची तर जुनं चीज, सुकी मासळी आणि मटणाचा अर्क एकत्र केल्यासारखी. पहिला घास मोठा घेऊ नये. तिसऱ्या घासाला मला गरम भात हवासा वाटला आणि तो नव्हता, एवढीच काय ती उणीव. बाईंना मी फोनवर आईने अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचा फोटो दाखवला. त्यांनी तो आतल्या आचाऱ्याला नेऊन दाखवला. तो बाहेर आला, काही बोलला नाही, नुसता हात मिळवला आणि रास्त माशाची एक वाटी माझ्यापुढे ठेवून गेला.

---

पुणे

मी शेफ आहे. २०१९ मध्ये तीन महिने कोपनहेगनच्या एका किचनमध्ये शिकाऊ म्हणून होतो, बिनपगारी. दिवसाचे चौदा तास पानं निवडणं आणि देठ खुडणं. शिकायला मिळालं, पण पोट स्वतःच्या पैशांनी भरायचं होतं, आणि हे बरोबर नव्हतं असं मला आजही वाटतं. जेवायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात असू द्यावं की त्या एका पानामागे कोणीतरी उभं असतं.

तरी एक सकाळ विसरणार नाही. आम्ही समुद्रकाठी रानपाला गोळा करायला गेलो होतो. खाजणात गवतासारखी एक पात होती, डॅनिश भाषेत तिला ‘स्ट्रँडट्रेहाय’च्या जवळचं काहीतरी म्हणतात. चावून बघ म्हणाले. चावली, तर कोथिंबीर! बाल्टिकच्या वाऱ्यात उभा राहून तोंडात अस्सल कोथिंबिरीची चव. त्या दिवशी मी खिसे भरून पाती आणल्या आणि स्टाफच्या जेवणाला वाटणाची आमटी केली. सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

मुंग्यांबद्दल लोक हमखास विचारतात. हो, तिथे जेवणात जंगलातल्या मुंग्या वाढल्या जातात, त्यांना लिंबासारखा आंबटपणा असतो. पण किळस वाटून घेण्याआधी गडचिरोली-बस्तरची लाल मुंग्यांची चटणी आठवा. आपल्याच लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

---

नाशिक

आम्ही आइसलंडला गेलो होतो. लोइगरवात्न गावात रायच्या पिठाचं भांडं जमिनीतल्या गरम वाळूत पुरतात आणि २४ तासांनी उकरून काढतात. तो गोडसर पाव, लोणी आणि ट्राउट मासा. रेक्याविकच्या महागड्या जेवणापेक्षा मला हेच आवडलं.

---

आर्हुस, डेन्मार्क

गेल्या वर्षी आई-बाबा आले होते. बाबा सांगलीकडचे शेतकरी, आता सत्तरी ओलांडली आहे. मी त्यांना इथल्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेलो. आई धास्तावली होती, पण बटाट्याच्या पदार्थावर खूश झाली आणि मग रमली.

इथे प्रत्येक पदार्थाबरोबर तो कुठल्या शेतातून आला ते सांगतात. पाव आला तेव्हा वाढणाऱ्या मुलीने सांगितलं की हा ‘ओलँड’ गहू. स्वीडनच्या ओलँड बेटावरचा जुना वाण, उतारा कमी म्हणून मागे पडला होता, आता काही शेतकरी तो पुन्हा लावतात. मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, ‘म्हणजे आपली खपली.’ आमच्याकडे आजोबा खपली लावायचे, पुढे तीही तशीच मागे पडली.

मग बाबांनी मला सांगितलं, ‘तिला विचार, त्या शेतकऱ्याला काय भाव मिळतो.’

मला जरा अवघड वाटलं, पण विचारलं. मुलगी आत गेली आणि शेफ स्वतः बाहेर आला. खुर्ची ओढून बाबांशेजारी बसला. म्हणाला, भाव पेरणीच्या आधी ठरतो, बाजारात साध्या गव्हाला मिळतो त्याच्या दुपटीहून जास्त, आणि पीक कमी आलं तरी तोच. बाबांनी एकरी उतारा विचारला, मी हेक्टरचे एकर करून दिले. पाऊस कधी, पेरा कधी, तांबेरा पडतो का, असं दहा-पंधरा मिनिटं चाललं. मागची टेबलं थांबली होती, पण तो उठला नाही.

निघताना त्याने कागदात गुंडाळून अख्खा पाव बाबांच्या हातात दिला. पुढचे तीन दिवस बाबांनी सकाळची भाकरी नको म्हटली. तो पाव सुरीने न कापता हाताने मोडायचे, आणि आईने आणलेल्या ठेच्याबरोबर खायचे.