मदत हवी आहे: जैसलमेरकडच्या वाळूच्या टेकड्या पायी चढायच्यात

मंडळी, आम्ही नागपूरचे चौघे डिसेंबरात थरच्या वाळवंटात जातोय. सम गावच्या टेकड्यांवर उंट, जीप आणि डीजेची जत्रा असते, तिकडे नको. खुरी गावाच्या पुढे, वस्ती नसलेल्या भागात पायी फिरायचंय.

रामटेकचा गड, पचमढीच्या वाटा पायाखालच्या आहेत, पण वाळूचं प्रकरण निराळं. वाऱ्याकडचा उतार मंद आणि घट्ट, तिथून चढायचं. पलीकडचा जवळपास ३०-३४ अंशांचा, ढासळता, तिथे पाऊल टाकलं की अर्धं मागे, एवढं वाचलंय. पण वाऱ्याची दिशा फिरली की प्रत्यक्षात ओळखता कसं? धारेवरूनच चालता का?

बुटांत वाळू शिरू नये म्हणून काय करता? आमच्यातला एक अनवाणीच चढणार म्हणतो. मला काटे आणि विंचवांची धास्ती. पाणी माणशी किती धरायचं? आम्ही ४५ अंशांत पोळलेली माणसं, तरी हिवाळ्यातल्या कोरड्या हवेचा अंदाज येत नाही. डेझर्ट नॅशनल पार्क आणि सीमेजवळच्या भागाची परवानगी कुठे काढायची? ओळखीचा स्थानिक वाटाड्या असेल तर उत्तमच.

स्वतः चालून आलेल्यांनी सांगा, जीपवाले अनुभव राहू द्या.