राजीनाम्यावर सही करू नका: सोसायटीच्या ग्रुपवर, धुळे

ए-304: सेक्रेटरी साहेब, थकबाकीच्या यादीत आमचं नाव ग्रुपवर टाकलंत. फोन केला असता तरी चाललं असतं. ह्यांच्या कंपनीत काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. इथलं ऑफिस नाशिकला जोडताहेत. फील्डवाले राहणार, आस्थापना आणि लेखाची माणसं कमी करणार.

सेक्रेटरी: ताई, यादीत नऊ जण आहेत. गैरसमज नसावा 🙏

बी-102: रस्ते दुरुस्तीच्या सरकारी कंपनीला ऑफिसात एवढी माणसं लागतातच कशाला? पारोळ्याकडे जाताना पाठ खिळखिळी होते.

ए-304: भाऊ, कोणत्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, ते रजिस्टर हेच ठेवतात. मुदत जवळ आली की लाल शाईची खूण आणि ठेकेदाराला पत्र. मुदतीतला खड्डा त्याने स्वखर्चाने बुजवायचा असतो. पत्रच गेलं नाही तर खर्च कंपनीच्या माथी!

तात्या: ताई, साहेबांना सांगा, राजीनाम्यावर सही करू नका.

सी-201: आज पाणी किती वाजता?

सी-105: खड्ड्यात साचलंय भो, बादली ने 😂

बी-204: प्रसंग काय, बोलता काय!

ए-304: तात्या, काल छापील अर्जच हातात दिला. 'वैयक्तिक कारणास्तव.' परवापर्यंत मागितलाय.

तात्या: म्हणून तर सांगतोय. राजीनामा दिला की कपातीची भरपाई गेली. त्यांनी कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. सही करू नका.

सी-105: ते कामगारांसाठी ना? हे तर ऑफिसवाले.

तात्या: कारकुनी करणारा कायद्याने कामगारच. देखरेखीचं काम आणि पगार 18,000 च्या वर असेल तर मात्र धरत नाहीत. पदनामापेक्षा रोजचं काम काय, ते बघतात.

सेक्रेटरी: हा विषय पर्सनलवर घ्याल का? ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

बी-204: पुतण्याच्या प्लॉटिंगची जाहिरात दोनदा आली, ते सोसायटीचं काम होतं का?

सेक्रेटरी: पाणी सव्वासहाला.

तात्या: सही करू नका.

बी-102: ताई, माझे साडू कामगार कोर्टात वकिली करतात. उद्या दहाला साहेबांना मी घेऊन जातो. नेमणुकीचं पत्र आणि कामवाटपाचे आदेश काढून ठेवा.

ए-304: बरं भाऊ. कोऱ्या अर्जाचीही झेरॉक्स काढून देते.